चौथ्यांदा कुणी विचारत नाही

वॉशिंग्टन
४ ऑक्टोबर १९९८

प्रिय आर्डिसताई,

तुझं पत्र आणि त्यातला गुडघ्याचा सविस्तर अहवाल, दोन्ही पोहोचले. लेफ्सेचं पार्सलही आलं. प्रवासात त्या बटाट्याच्या पोळ्यांचे तुकडे झाले होते, पण लोणी आणि साखर लावल्यावर पोळी काय आणि तुकडा काय. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच संपवल्या. बटाटे या वर्षीचे चांगले दिसतात.

इकडे मी ठीक आहे. हा 'ठीक' शब्द मी सदतीस वर्षं सरकारी तारांमधून पाठवत आलो आहे. वकिलातीच्या दारासमोरून रणगाडे चालले असले, तरी आम्ही 'परिस्थिती ठीक असून लक्ष ठेवून आहोत' असंच कळवायचो. तेव्हा माझ्या 'ठीक'चा काय तो अर्थ तूच लाव.

खात्यात मला आता काम असं उरलेलं नाही. दोनदा राजदूत होऊन आलेल्या माणसाला निवृत्तीच्या आधी एकदम मोकळं सोडत नाहीत. त्याला एक खोली देतात, एक खिडकी देतात आणि जुने कागद वाचायला देतात. यातले कोणते लोकांना दाखवायला हरकत नाही, हे त्यानं सुचवायचं. गेल्या आठवड्यात मी स्वतःच पाठवलेली १९७४ सालची एक तार वाचली आणि ती दाखवू नये असं सुचवलं. गुपित काहीच नव्हतं त्यात, पण भाषा फार वाईट होती.

एप्रिलमध्ये मला पासष्ट पूर्ण होतील आणि नियमानुसार मला घरी पाठवण्यात येईल. घरी म्हणजे कुठे, हे नियमात लिहिलेलं नाही.

तुमच्या नव्या शिक्षिकेची, त्या मिस कोवाल्स्कीची हकिकत वाचून मी माझ्या खोलीत एकटाच हसलो. तू विचारलंस, कॉफी घेणार का, आणि ती पहिल्याच फटक्यात म्हणाली, हो, आणि तो केकही चालेल. बिचारी शिकागोची. आपल्या नॉर्डबी गावात पहिल्या वेळी 'नको नको' म्हणायचं, दुसऱ्या वेळी 'उगाच कशाला त्रास' म्हणायचं, आणि तिसऱ्या वेळी 'आता इतका आग्रह करताच आहात तर अर्धा कप' म्हणून चांगले तीन कप प्यायचे, हे तिला कोण सांगणार? तुला आपला तो टेक्सासचा पास्टर आठवतो ना? आई पाहुण्याच्या दुसऱ्या नकारानंतर किटली चुलीवर चढवायची. हा गडी पहिल्या विचारण्यालाच हो म्हणाला आणि आई रिकामी किटली हातात धरून उभी राहिली. बाबा त्याला मरेपर्यंत 'तो आधाशी पास्टर' म्हणत. माणूस चांगला होता. बाबांच्या दफनाच्या वेळी प्रार्थना त्यानंच म्हटली, आणि तीही कुणी आग्रह न करता.

बरं, ऑगस्टच्या पत्रात तू लिहिलं होतंस, की वर्नभावजी गेल्यापासून तू एकटीच आहेस, माडीवरची खोली रिकामीच आहे, तर निवृत्त झाल्यावर मी तिकडेच यावं. मी उलट टपाली कळवलं होतं की नको नको, तुझी शांतता कशाला बिघडवू. ते तुला मिळालं असेलच.

सहज विचारतो, त्या खोलीच्या उत्तरेकडच्या खिडकीतून अजून वारा येतो का? जिन्याचा कठडा वर्ननं घट्ट केला होता का? माझ्या पुस्तकांची चाळीसेक खोकी होतील. माडीच्या तुळया तेवढा भार घेतील का, हे तिकडे कुणाला सांगता येईल? हे सगळं आपलं कुतूहल म्हणून. विशेष काही नाही.

इथली मित्रमंडळी मला फ्लोरिडाला पाठवायला निघाली आहेत. तिथे निवृत्त लोकांची एक वसाहत आहे, आणि माझा जुना सहकारी पेल्हॅम तिथे जाऊन बसला आहे. त्या वसाहतीत एकूण सहा राजदूत आहेत. अजूनही जेवणाच्या टेबलावर ज्येष्ठतेनुसार बसतात. ज्यानं परदेशात आपली अधिकारपत्रं आधी सादर केली, तो आधी सूप घेतो. पेल्हॅम लिहितो की पोहण्याच्या तलावात उतरतानाही हाच क्रम पाळतात, आणि सगळ्यांत ज्येष्ठ राजदूताला पोहता येत नाही, त्यामुळे बाकीचे पाच काठावर उन्हात उभे असतात. मी गेलो तर चौथा लागेन.

त्यांना होकार कळवायची मुदत मार्चअखेर आहे. मी अजून काही कळवलेलं नाही. मार्चअखेर म्हणजे अजून पुष्कळ अवकाश आहे, असं नाही म्हटलं तरी मधे पत्रं येऊ जाऊ शकतील इतका तरी आहेच.

गुडघ्याला जप. जिन्याची चढउतार फार करू नकोस. वर कुणी राहत असतं तर वरची कामं त्यानं पाहिली असती, पण ते असो.

तुझा धाकटा भाऊ
लाइल

---

वॉशिंग्टन
१० जानेवारी १९९९

प्रिय ताई,

नवं वर्ष तुला सुखाचं आणि गुडघ्याला बिनतक्रारीचं जावो. तू विणलेली टोपी मिळाली. कानांवरून खाली हनुवटीपर्यंत येते. इथल्या थंडीला एवढ्या टोपीची गरज नाही, पण तिकडच्या थंडीला ती अगदी बेताची होईल. हे मी टोपीबद्दल बोलतो आहे.

तुझं नाताळचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. चर्चमधलं जेवण, शेजारच्या हॅरल्डच्या ट्रॅक्टरनं घेतलेला संन्यास, तुझ्या हॉटडिशमधल्या कांद्याविषयी लोकांनी घेतलेला आक्षेप, हे सगळं झाल्यावर अगदी तळाशी तुझी एक ओळ होती. 'माडीवरची खोली अजून रिकामी आहे, वाटलं तर ये.'

ताई, तू फार चांगली आहेस. पण नको, खरंच नको. उगाच कशाला तुला त्रास? माझं काय, मी कुठेही राहीन. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या फर्निचरवरच तर बसलो.

आता नॉर्डबीच्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही, म्हणून मी विषय बदलतो.

मार्चमध्ये खात्यात माझा निरोपसमारंभ होणार आहे. भाषण करणाऱ्या साहेबांना माझी कारकीर्द एका पानात लिहून हवी आहे. मी तीन दिवस बसून ते पान लिहिलं आणि वाचलं, तर त्यात कोणी माणूसच नव्हता. 'अमुक साली अमुक ठिकाणी रुजू, तमुक साली बढती.' माझ्या कारकिर्दीत खरोखर जे घडलं, ते या पानात बसण्यासारखं नाही. तुला सांगतो. तुला यातलं अर्धं माहीत आहे आणि उरलेलं अर्धं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

१९८१ साली मला न्यू जर्सीच्या एका माणसाचा फोन आला. नेमणुकांचं काम त्याच्याकडे होतं, नाव स्कॅलिसी. म्हणाला, 'ब्रेके, तुम्हाला राजदूत करायचं घाटतंय', आणि युरोपातल्या अशा एका राजधानीचं नाव घेतलं, की जिथे जायला लोक आपली आजी विकतील. मला ती फार हवी होती. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, 'छे छे, माझ्याहून लायक माणसं आहेत.' तो म्हणाला, 'नक्की का?' म्हणजे दुसऱ्यांदा विचारलं बघ. मी खूश होऊन म्हणालो, 'नको, उगाच कशाला, दुसऱ्या कुणाला तरी द्या.' आणि तिसऱ्या विचारण्याची वाट बघत रिसीव्हर कानाला लावून बसलो. तो म्हणाला, 'बरं. कळवल्याबद्दल आभार', आणि फोन ठेवून दिला.

मला वाटलं, लाइन तुटली. पुढचे दोन दिवस मी कुणाला त्या फोनला हात लावू दिला नाही.

ती राजधानी पेल्हॅमला मिळाली. तो कनेटिकटचा आहे. त्याला वाक्य पूर्ण व्हायच्या आत हो म्हणायची सवय आहे. मला एक बेट मिळालं. तिथे आपली वकिलात वरच्या मजल्यावर होती आणि खाली दातांच्या डॉक्टरचा दवाखाना. चार जुलैला मी पाहुण्यांसमोर उभा राहून स्वातंत्र्यावर बोलायचो आणि नेमकं महत्त्वाच्या वाक्याला खालून ड्रिल सुरू व्हायचं. पाहुण्यांपैकी अर्धे आपापला गाल धरून ऐकत असत. पण तो डॉक्टर चांगला होता. माझी खालची दाढ अजून त्याच्याच कृपेनं आहे.

गंमत अशी, की माझ्या कारकिर्दीतलं एकमेव पदक मला त्याच बेटावर मिळालं, आणि तेही आईच्या किटलीमुळे. मासेमारीच्या हद्दीवरून वाटाघाटी अडल्या होत्या. त्यांचे मंत्री म्हातारे होते, मोठे अदबशीर. वॉशिंग्टनहून आलेल्या शिष्टमंडळानं मसुदा पुढे केला, मंत्री म्हणाले, हे जमणार नाही. पुन्हा विचारलं, म्हणाले, उगाच कशाला तुम्ही त्रास घेता. मंडळी उठली आणि सामान बांधायला लागली. मी मात्र पाहत होतो. म्हातारा नको म्हणताना आमच्या कपात पुन्हा चहा ओतत होता. ज्याला पाहुणे जायला हवे असतात तो चहा ओतत नाही. मी एकटा मागे राहिलो आणि म्हणालो, 'तरीसुद्धा एकदा बघावं असं मला वाटतं.' मंत्री एक सुस्कारा सोडून म्हणाले, 'आता तुम्ही इतका आग्रहच करताय तर.' खिशातून पेन काढलं. पेन उघडूनच ठेवलेलं होतं.

त्या दिवशी मी त्या बेटावर जितका घरी असल्यासारखा होतो तितका वॉशिंग्टनमध्ये कधी झालो नाही.

आणखी एक गोष्ट त्या पानात नाही. एलोईज. तुला ती आठवते. ब्रसेल्सला मी होतो तेव्हा एका उन्हाळ्यात तिला नॉर्डबीला घेऊन आलो होतो. तू लेफ्से पुढे केलीस, तिनं लगेच दोन उचलल्या, आणि तू मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन म्हणालीस, 'मुलगी गोड आहे रे, पण अंमळ घाईची आहे.' पुढच्या वर्षी तिला मॉन्ट्रियलला नोकरी लागली. स्टेशनवर तिनं मला विचारलं, 'तू येशील माझ्याबरोबर?' मी म्हणालो, 'माझी तुला अडचणच होईल.' ती म्हणाली, 'असं तुला वाटतं?' मी म्हणालो, 'उगाच कशाला.' आणि गाडी सुटली. बेल्जियमच्या गाड्या फार वेळेवर सुटतात. ती मला फार आवडत होती, ताई. दर नाताळला तिचं कार्ड येतं, नातवंडांच्या फोटोसकट. या वर्षी त्यातल्या एकाचे दात पडलेले आहेत.

तर सांगायचं काय, आपली पद्धत वाईट नाही. फक्त समोरचं माणूस आपल्यातलं हवं. बाहेरच्यांना दोनपर्यंतच मोजता येतं.

तू आपल्यातलीच आहेस, म्हणून मला काळजी नाही.

तुझ्या पत्राची नेहमीपेक्षा थोडी जास्त वाट पाहणारा
लाइल

---

वॉशिंग्टन
१४ मार्च १९९९

प्रिय ताई,

तुझं फेब्रुवारीचं पत्र मिळालं. हॅरल्डनं तलावाच्या बर्फावर मांडलेली मासे पकडायची झोपडी बर्फ फुटून पाण्यात गेली, हे वाचून वाईट वाटलं. हॅरल्ड तेव्हा आत नव्हता हे वाचून बरं वाटलं. त्याची खुर्ची आत होती, हे तू तीन वेळा लिहिलं आहेस, त्यावरून ती खुर्ची त्याला तुझ्याकडूनच गेली होती असं दिसतं.

त्याच पत्रात तू लिहितेस, की मिस कोवाल्स्कीनं माडीवरच्या खोलीची चौकशी केली.

या घडामोडीची मी गांभीर्यानं दखल घेतली आहे. कोणत्याही घरमालकिणीला आपली खोली कुणालाही देण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्या अधिकाराचा मी आदरच करतो. मिस कोवाल्स्की चांगल्याच असणार. तथापि पहिल्या विचारण्याला केक मागणारं माणूस कायमचं घरात घेण्याआधी सर्व बाजूंनी विचार व्हावा, इतकंच मी सुचवू इच्छितो. घाई होऊ नये. हा ड्राफ्ट मी चारदा लिहिला आणि दर वेळी तो अधिक सरकारी होत गेला, म्हणून हा चौथा पाठवून देतो.

त्याशिवाय तुझ्या पत्रात काहीच नव्हतं. म्हणजे मजकूर होता, चार पानं होता. पण एखादं पान टाकायचं राहिलं असेल किंवा अडकलं असेल म्हणून मी लिफाफा फाडून, उलटा करून, टेबलावर आपटून पाहिला. आत काही नव्हतं.

निरोपसमारंभ झाला. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात, झुंबराखाली. साहेबांनी मी दिलेलं पान वाचून दाखवलं. मासेमारीच्या करारापाशी ते म्हणाले, 'ब्रेके यांना समोरच्याच्या मनातलं न बोलता कळतं', आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला एक झेंडा मिळाला, घडी घालून काचेच्या पेटीत ठेवलेला. एक लाकडी फळी मिळाली, तिच्यावर माझं नाव आहे. मी चार वाक्यांत आभार मानले. खाली दातांचा दवाखाना नसल्यामुळे चारही वाक्यं ऐकू गेली.

मग मी आपल्या पद्धतीनं निरोप घ्यायला लागलो. कोट घातला, दारापाशी उभा राहिलो आणि म्हणालो, 'चला तर मग.' तुला माहीत आहे, हे म्हटल्यावर खऱ्या गप्पा सुरू व्हायला हव्यात. दारात अर्धा तास, पायऱ्यांवर पाव तास, गाडीच्या काचेतून आणखी थोडा वेळ. पण इथले लोक खरोखरच गेले. बघता बघता दालन रिकामं झालं. मी कोट घालून, काखेत झेंडा आणि फळी घेऊन उभा होतो आणि सगळीकडे टेबलांवरच्या कापडांच्या घड्या घातल्या जात होत्या. शेवटी बशा उचलणाऱ्या एक बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, 'निघालात का?' मी म्हणालो, 'निघतोच आता.' त्या म्हणाल्या, 'रस्ते कसे आहेत तुमच्याकडे?' मी विचारलं, तुम्ही कुठल्या? तर विस्कॉन्सिनच्या. आम्ही दोघं दारात उभं राहून बराच वेळ बर्फाविषयी बोललो. माझा खरा निरोपसमारंभ तेवढाच झाला.

घरी आलो तर पेल्हॅमचा फोन. तलावाकाठची जागा धरून ठेवली आहे, महिनाअखेर होकार कळव. मी म्हणालो, बघतो. तो म्हणाला, काय बघायचंय आता? 

ताई, मी जरा काळजीत आहे. कसली ते मला नीट सांगता येत नाही. तुझ्याकडे सगळं बरं आहे ना? तुझं माझ्यावर काही बिनसलेलं नाही ना?

तुझाच
लाइल

---

नॉर्डबी, मिनेसोटा
१९ मार्च

लाइल,

लिफाफ्यातून काही पडलं नव्हतं. लिहिलंच नव्हतं, तर पडेल काय?

तुझं पत्र वाचलं. साहेब म्हणाले ना, की तुला न बोलता कळतं म्हणून? त्यांना म्हणावं, एकदा नॉर्डबीला येऊन तुझ्या बहिणीला भेटा. राजदूत झालास, पदक घेतलंस, आणि तीनपर्यंत मोजता येत नाही तुला.

आई गेली तेव्हाची गोष्ट. तिला मूठमाती देऊन आलो, माणसं जेवून गेली, आणि तू दारात कोट घालून उभा होतास. वर्न बाहेर गाडी सुरू करून बसला होता तुला विमानतळावर सोडायला. मी म्हटलं, 'लाइल, आईबाबा गेले म्हणून हे घर परकं समजू नकोस. माडीवरची खोली तुझी आहे. केव्हाही ये राहायला.' तू म्हणालास, 'नको नको, तुम्हाला कशाला त्रास', आणि घड्याळाकडे बघितलंस. तुला आठवत नसेल. मला आठवतं, कारण मी मनापासून विचारलं होतं.

हे एक झालं. तेव्हापासून वीस वर्षं मी त्या खोलीत शिवणाचं मशीन नेलं नाही. खाली जेवणाच्या टेबलावर शिवायचे आणि रोज ते उचलून ठेवायचे. वर्न म्हणायचा, अगं ने की वर. मी म्हणायचे, लाइलनं एकदाच नको म्हटलंय.

मग ऑगस्टात विचारलं, नको म्हणालास. नाताळात विचारलं, तर म्हणालास 'खरंच नको'. तीन झाले. तिसऱ्यांदा नको म्हणणाऱ्याला खरंच नको असतं, आणि त्याला चौथ्यांदा विचारणं म्हणजे त्याच्या गळ्यात पडणं. आईनं हे तुलाही शिकवलंय आणि मलाही. तुझं जानेवारीचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. तुळयांची आणि खिडकीची चौकशी करणारा माणूस नको कसा म्हणतो, हे मला कळेना. मग वाटलं, तुम्हा राजदूतांत असंच विचारत असतील, सभ्यपणा म्हणून.

आता कोवाल्स्कीचं. तिनं खोलीचं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, 'अगं, ती खोली कुठली तुझ्यासारखीला.' मला वाटलं, पुन्हा विचारील, तोवर आपण ठरवू. ती म्हणाली, 'ठीक आहे', आणि दुसऱ्या दिवशी बेकरीच्या वर राहायलाही गेली. तुझा तो न्यू जर्सीवाला तिचा कुणी लागतो का बघ.

तर खोली रिकामी आहे. मी हे फक्त कळवतेय. चौथ्यांदा विचारत नाहीये, तसं वाटून घेऊ नकोस.

तुळयांचं हॅरल्डला मी ऑक्टोबरातच विचारलं होतं. तो वर जाऊन उड्या मारून आला. म्हणाला, चाळीस खोकी पेलतील, पण वर माणूस जाड नको.

गुडघा आहे तसाच आहे.

आर्डिस

---

वॉशिंग्टन
२४ मार्च १९९९

ताई,

तुझं पत्र दारातच उभ्यानं वाचलं. मग आत येऊन खाली बसलो आणि पुन्हा वाचलं.

तुझंच खरं आहे. आईच्या वेळचं मी मोजलंच नव्हतं. दारातलं बोलणं, असं समजून मी गाडीत बसलो. दारातलं बोलणंच आपल्याकडे खरं असतं, हे मला त्या विस्कॉन्सिनच्या बाईंशी बोलताना आठवलं, आणि तुझ्याशी बोलताना आठवलं नाही. ते शिवणाचं मशीन काही डोक्यातून जात नाही माझ्या.

तू चौथ्यांदा विचारणार नाहीस, आणि विचारूही नये. नॉर्डबीत ते कुणी केलेलं नाही, आणि आपल्या घरानं सुरुवात करायला नको.

काल फ्लोरिडाला फोन करून नको म्हणालो. एकदाच म्हणालो. त्यांनी लगेच ऐकलं. पेल्हॅम म्हणाला, मग कुठे जाणार आहेस? मी म्हणालो, अजून विचारायचं आहे. तो म्हणाला, कुणाला? मी म्हणालो, ज्येष्ठांना.

ताई, इतक्या वर्षांत मी देशासाठी पुष्कळ मागितलं. बंदरं मागितली, मतं मागितली, समुद्रातले मासे मागितले. स्वतःसाठी कुणाकडे काही मागितल्याचं आठवत नाही, त्यामुळे कसं मागतात ते मला येत नाही. चुकलं तर सांभाळून घे.

मला तिकडे यायचं आहे. येऊ का?

आता तू म्हणशील, नको रे, तुला इथे करमणार नाही, इथे तुझ्या बरोबरीचं बोलायला कोण आहे? म्हणून पुन्हा विचारतो. येऊ का?

मग म्हणशील, उगाच कशाला ओढाताण, जिना उभा आहे, खिडकीतून वारा येतो. टोपी आहे माझ्याकडे. मशीन टेबलावरून उचलायचं काम मी करीन, किंवा ते वर नेऊ आणि माझी खोकी खाली ठेवू. म्हणून तिसऱ्यांदा विचारतो, ताई. येऊ का?

पुढचं वाक्य तुझं आहे, आणि ते काय असतं हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. मला अर्धा कप पुरे.

कोट काढून बसलेला
तुझा भाऊ
लाइल